सकाळी फॅट लागत नाही, उन्हाळ्यात दुधाला वास येतो: धारेची वेळ सुधारायची की व्हिटॅमिन ई द्यायचं?

तक्रार साधारण अशी असते. होल्स्टिन संकरित गायी, दिवसाला १५ ते २२ लिटर दूध. सकाळच्या पावतीवर फॅट ३.१-३.२, संध्याकाळी मात्र ४ च्या वर. मार्च लागला की त्यात भर पडते: एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ च्या खाली घसरतो आणि अधूनमधून ‘वास आहे’ म्हणून केंद्रावरून कॅन परत येतो. मग मेडिकलमधून व्हिटॅमिन ई-सेलेनियमचा डबा येतो, महिना-दोन महिने चालतो. जूनमध्ये पाऊस होतो, हिरवा चारा सुरू होतो, वास जातो आणि श्रेय डब्याला मिळतं. पुढच्या मार्चात पुन्हा तेच.

या एका तक्रारीत चार वेगवेगळी दुखणी मिसळलेली असतात. एक धारेच्या वेळांचं, एक दूध हाताळण्याचं, एक कासेचं आणि एक चाऱ्यातल्या कमतरतेचं. व्हिटॅमिन ई शेवटच्या दुखण्यावर नक्की चालतं, तिसऱ्यावर थोडंफार, पहिल्या दोनांवर अजिबात नाही. म्हणून डबा आणण्याआधी पहिला आठवडा तपासणीला द्या. खर्च जवळपास काहीच नाही.

आधी फॅटचा हिशोब

सकाळ-संध्याकाळच्या फॅटमधला फरक बहुतेक वेळा गायीचा नसतो, घड्याळाचा असतो. पहाटे ५ ला आणि दुपारी ३ ला धार काढली तर दिवसाचं अंतर १० तास आणि रात्रीचं १४ तास पडतं. जास्त तास म्हणजे जास्त दूध. पण फॅट त्याच प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे टक्का पातळ होतो. समजा २० लिटरची गाय सकाळी ११.५ लिटर ३.२ फॅटनं आणि दुपारी ८.५ लिटर ४.१ फॅटनं देते. दोन्ही वेळचं मिळून फॅट ७१६ ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे सरासरी ३.५८. गाय ३.५ च्या वरच आहे. पण दर प्रत्येक वेळच्या नमुन्यावर लागत असेल तर सकाळच्या साडेअकरा लिटरला कपात बसते, आणि संध्याकाळच्या जादा फॅटचा वाढीव दर ती कपात भरून काढेलच असं नाही. तुमच्या संघाचं दरपत्रक घेऊन हा गुणाकार एकदा कागदावर करून बघा.

अंतर सारखं केलं की गाय दिवसाला तेवढंच फॅट देते, फक्त दोन्ही वेळी वाटून देते. १२-१२ तास जमलं तर उत्तम. ११ आणि १३ पर्यंत चालतं. वेळ एकदम दीड तासानं बदलू नका, गाय पान्हा चोरते. दर दोन दिवसांनी १५ मिनिटं सरकवा. दुपारी ३ ची धार साडेचारवर आणायला १२ दिवस लागतात. संघाची गाडीच ४ ला येत असेल तर दुपारची धार हलवता येणार नाही. तिथे सकाळची धार ५ वरून ४ वर घ्या, म्हणजे दिवसाचे ११ आणि रात्रीचे १३ तास होतात. पहाटे चारला उठणं सोपं नाही, पण त्या कपातीची भरपाई कुठलाही टॉनिकचा डबा करत नाही.

वेळा सारख्या असूनही फॅट कमी लागत असेल तर कास पूर्ण रिकामी होते का ते बघा. एकाच धारेत पहिल्या दुधाला फॅट १ ते २ टक्के असते आणि शेवटच्या दुधाला ६ ते १०. मागे राहिलेलं एक लिटर म्हणजे सगळ्यात महाग लिटर. पान्हा सुटायला सडांना हात लागल्यापासून साधारण एक ते दीड मिनिट लागतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. कास धुऊन मग पेंड आणायला गेलात, शेजारच्या गायीचं मशीन काढलंत आणि चार मिनिटांनी क्लस्टर (मशीनचा सडांना लावायचा भाग) लावलात, तर अर्धा पान्हा वाया गेला. क्रम असा ठेवा: प्रत्येक सडाच्या तीन-चार धारा काळ्या कपात काढून बघणं, सड पुसणं, कोरडे करणं, आणि पहिल्या स्पर्शापासून ६० ते ९० सेकंदांत क्लस्टर. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोजचं करू नका. सवय लागते, आणि असा गैरवापर कायद्यानेही बंद आहे.

एक गोष्ट नमुन्याबद्दल. धार काढल्याबरोबर दुधात हवा आणि फेस असतो, घनता किंचित कमी दाखवते, त्यामुळे डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) कमी लागते. घरी मोजताना दूध अर्धा तास स्थिर होऊ द्या, मग पळीनं खालपासून वरपर्यंत पाच-सहा वेळा हलवा आणि लॅक्टोमीटरवर जे तापमान लिहिलंय त्या तापमानालाच वाचा. कॅन न हलवता वरून घेतलेला नमुना फॅट जास्त दाखवतो. घरच्या आणि केंद्राच्या आकड्यांतले निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

वास कुठला आहे, ते ओळखा

‘वास येतो’ एवढ्यावर इलाज करता येत नाही. वासाचे तीन प्रकार आहेत आणि ते वेळेवरून वेगळे करता येतात.

धार काढताक्षणीच येणारा वास चाऱ्याचा किंवा गोठ्याचा असतो. मुरघास, कांद्याची पात, कोबीचा पाला धारेच्या आधी दिला की हे होतं. हा चारा धार झाल्यावर द्या, दोन दिवसांत फरक दिसतो.

ताजं दूध चांगलं, पण काही तासांनी खवट, कडवट, साबणासारखं लागतं: हे फॅट फुटल्याचं लक्षण. दुधात मुळातच लायपेज नावाचं एन्झाइम असतं. फॅटच्या कणांवरचं पातळ आवरण शाबूत असेपर्यंत ते काही करू शकत नाही. आवरण फाटलं की ते फॅट तोडून त्यातली आम्लं मोकळी करतं.

तिसरा प्रकार सहसा एका दिवसानंतर जाणवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा, धातूसारखा किंवा शिळ्या तेलासारखा वास. हे ऑक्सिडेशन. दूध थंड ठेवूनही हे थांबत नाही.

दुसरा आणि तिसरा वेगळा करायला घरीच चाचणी करा. वासाची शंका असलेल्या एका गायीचं दूध स्वच्छ स्टीलच्या भांड्यात घ्या. निम्मं लगेच उकळून, थंड करून बाटलीत भरा. निम्मं कच्चंच दुसऱ्या बाटलीत. दोन्ही फ्रिजमध्ये अंधारात २४ तास. दुसऱ्या दिवशी कच्च्या बाटलीतल्या दुधाला उकळी द्या, मग दोन्ही कोमट असताना वास आणि चव घ्या. उकळल्यानं लायपेज मरतं. त्यामुळे आधी उकळलेलं चांगलं आणि कच्चं ठेवलेलं खवट निघालं तर दोष फॅट फुटण्याचा. दोन्हींना पुठ्ठ्याचा वास असेल तर ऑक्सिडेशन. उकळलेल्या दुधाचा स्वतःचा वास पुठ्ठ्याचा वास थोडा झाकतो, म्हणून दुधाची चव नीट ओळखणारी घरातली दोन माणसं घ्या आणि कुठली बाटली कोणती ते त्यांना सांगू नका.

फॅट फुटत असेल तर

इथे व्हिटॅमिन ईचा काही उपयोग नाही. या ठिकाणी शोधा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे संध्याकाळचं थंड दूध आणि सकाळचं गरम दूध एकाच कॅनमध्ये ओतणं. थंड दूध ३० अंशांच्या आसपास परत गरम होतं आणि पुन्हा थंड होतं, त्या फेऱ्यात लायपेज फार जोमानं काम करतं. दोन वेळचं दूध वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. मिसळायचंच असेल तर सकाळचं आधी थंड करून मग मिसळा.

मशीन असेल तर क्लस्टरचं पंजासारखं भांडं हातात घेऊन बघा. त्याला सुईच्या टोकाएवढं हवेचं छिद्र असतं. ते बुजलं तर दूध पुढे सरकत नाही, मागे सडांवर आपटतं. ते मोठं झालं किंवा लायनर (सडावर बसणारी रबरी नळी) फाटला तर जास्तीची हवा दुधात घुसळते. धार संपल्यावर क्लस्टर काढायला उशीर झाला तरी तेच: नळीत दुधापेक्षा हवाच जास्त, आणि बादलीत फेसाचा थर. बादलीत चार बोटं फेस दिसत असेल तर कारण इथेच आहे. बादलीच्या मशीनला व्हॅक्यूम ४५ ते ५० किलोपास्कल आणि पल्सेशन (लायनर दाबण्या-सोडण्याचे ठोके) मिनिटाला ६० असावं. रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदला. एका लायनरवर १० गायींच्या दोन वेळच्या मिळून रोज २० धारा होत असतील तर ते चार महिन्यांत भरतं. वरून बरा दिसतो म्हणून वर्षभर वापरू नका.

गायींमध्येही फरक असतो. आटत आलेल्या आणि पोट न भरणाऱ्या गायींचं दूध न घुसळताही खवट होऊ शकतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या, ४-५ लिटरवर आलेल्या गाभण गायींचं दूध दोन दिवस वेगळं ठेवून बघा. बाकी कॅनचा वास गेला तर त्या गायी आटवायची वेळ झाली.

आणि धारा जास्त वेळा काढल्या तर मोकळी आम्लं वाढतात, हे तीन वेळा धार सुरू करणाऱ्यांना बहुधा कुणी सांगत नाही. दोन धारांत अंतर कमी पडलं, विशेषतः चार तासांच्या आत गेलं, की फॅटच्या कणांचं आवरण नाजूक राहतं. रोबोटनं दूध काढणाऱ्या युरोपातल्या गोठ्यांत हा प्रश्न चांगलाच माहीत आहे.

तीन वेळा धार: कुणी काढावी

दिवसाला २० लिटरच्या वर देणाऱ्या, व्यायल्यापासून पहिल्या चार महिन्यांतल्या गायींना तिसरी धार फायद्याची ठरते. दूध साधारण १० ते १५ टक्के वाढतं, कास हलकी राहते, दुधातल्या पेशींची संख्याही (कासेच्या आजाराची खूण) बऱ्याच कळपांत उतरते कारण जंतूंना साठलेल्या दुधात वाढायला वेळ मिळत नाही. फॅटचा टक्का थोडा घटतो, पण एकूण फॅट कमी होत नाही.

चूक होते ती वेळांत. पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ अशी धार काढली तर सहा, सहा आणि बारा तास पडतात. कष्ट दीडपट आणि रात्रीचा ताण तोच. ५, १ आणि ९ अशी आठ-आठ तासांची वेळ जमत नसेल तर दोनच वेळा काढा.

वाढलेल्या प्रत्येक लिटरला सुमारे ४०० ग्रॅम जादा खुराक लागतो. तो न देता तिसरी धार सुरू केली की गाय स्वतःच्या अंगातून दूध देते, पाठीचा कणा वर येतो आणि एसएनएफ पडतो. उन्हाळ्यातला एसएनएफही बहुधा असाच जातो: उष्णतेनं गाय कमी खाते, कडबा निकृष्ट असतो, ऊर्जा कमी पडते आणि दुधातली प्रथिनं घटतात. यावर मका भरडा, दिवसभर सावलीतलं पाणी आणि वैरणीचा मोठा वाटा पहाटे व रात्री देणं, हे खरं औषध. उलट टोकाला, एक धार चुकून अंतर १८ तासांच्या वर गेलं तर कासेतल्या पेशींमधले सांधे सैल होतात, रक्तातलं मीठ दुधात उतरतं आणि दुधातली साखर रक्तात जाते. दूध खारट लागतं, डिग्री घसरते. लग्नसराईत गडी न आल्यानं एक धार बुडाली की पुढचे दोन-तीन दिवस पावतीवर हे दिसतं.

पेशी वाढल्या असतील तर

कॅलिफोर्निया मस्टायटीस चाचणी प्रत्येक गायीच्या चारही सडांची करा. चार कप्प्यांच्या तबकडीत प्रत्येक सडाचं २-३ मिली दूध, तेवढंच द्रावण, १०-१५ सेकंद गोल फिरवायचं. पातळ राहिलं तर ठीक. शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात छुपी दगडी (बाहेरून न दिसणारा कासेचा दाह) आहे. निरोगी कासेत मिलिलिटरला २ लाखांच्या आत पेशी असतात. एका सडाच्या छुप्या दगडीनंही एसएनएफ उतरतो, कारण दुधातली साखर आणि केसीन हे मुख्य प्रथिन कमी होतं. खव्याला आणि पनीरलाही उतारा कमी पडतो.

घट्ट झालेले सड असलेल्या गायींची धार शेवटी काढा. प्रत्येक धारेनंतर ०.५ टक्का आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं.

आता व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम

दोघांचं काम जोडीनं चालतं. व्हिटॅमिन ई पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडेशन थांबवतं. सेलेनियम ज्या एन्झाइममध्ये असतं ते पेशीच्या आत तयार झालेलं पेरॉक्साइड निकामी करतं. जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच तयार केलेल्या पेरॉक्साइडनं मरू नयेत यासाठी दोन्ही लागतात. कासेशी संबंध येतो तो इथे. अमेरिकेत ओहायोमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाकड काळात व्हिटॅमिन ई दिलेल्या गायींत उघड दगडीचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी दिसलं.

पण नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाकड गायींना रोज ३,००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई दिल्यावर दगडी वाढली. कमतरता भरून काढणं हा फायदा आहे. त्यापुढे ओतत राहण्यात नाही.

कमतरता कुणाला असते? हिरव्या चाऱ्यात व्हिटॅमिन ई भरपूर असतं आणि उन्हात वाळवताना त्यातलं बरंचसं नष्ट होतं. लसूणघास, मका, संकरित नेपियर रोज १५-२० किलो पोटात जात असेल तर दुभत्या गायीला वरून फारसं लागत नाही. कडबा कुट्टी, गव्हाचं काड आणि पेंडेवर चालणाऱ्या गोठ्यात मार्च ते जून ते हमखास कमी पडतं. त्यात भाजलेलं सोयाबीन किंवा सरकी जास्त दिली तर दुधातली असंपृक्त फॅट वाढते, जी लवकर खराब होते. पुठ्ठ्याच्या वासाची पक्की कृती ही: वाळला चारा, तेलाचा खुराक आणि कल्हई गेलेली पितळेची चरवी. तांबं आणि लोखंड या क्रियेला प्रचंड वेग देतात. गंजलेला कॅन, लोहाचं प्रमाण जास्त असलेलं बोअरचं पाणी, उन्हात उघडा ठेवलेला कॅन हे आधी बदला. दुधात उतरणारं व्हिटॅमिन ई खाल्लेल्याच्या तुलनेत फारच थोडं असतं. भांडं तेच ठेवून डोस वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मात्रा अशी. ६०० किलोच्या गायीला दुभत्या काळात रोज सुमारे ५०० आययू, भाकड काळात १,००० आययू. खाद्यात घालायची ५० टक्क्यांची पावडर असेल तर १ ग्रॅममध्ये ५०० आययू असतात. एक ग्रॅम गोठ्यात मोजता येत नाही, म्हणून आधी भरड्यात पसरवा: १०० ग्रॅम पावडर आधी अर्धा किलो मका भरड्यात नीट कालवा, मग उरलेला ४ किलो ४०० ग्रॅम भरडा थोडा-थोडा घालत मिसळा. हे ५ किलो होतं. दुभत्या गायीला यातलं ५० ग्रॅम, भाकडीला १०० ग्रॅम, रोज पेंडेवर टाकून. घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा आणि महिन्यात संपवा. खनिज मिश्रणात कालवून महिनोन्महिने ठेवू नका, त्यातल्या तांब्या-लोहाच्या क्षारांनी व्हिटॅमिनची ताकद जाते.

सेलेनियम वेगळं आणि जपून. प्रमाण आहे एकूण कोरड्या खाद्याच्या किलोला ०.३ मिलिग्रॅम, १५ किलो कोरडं खाद्य खाणाऱ्या गायीला दिवसाला साडेचार मिलिग्रॅम, तेही सगळ्या मार्गांनी मिळून. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर किलोत किती मिलिग्रॅम सेलेनियम लिहिलंय ते वाचा, रोजच्या १०० ग्रॅमसाठी त्याला १० नं भागा. मग गोळी पेंडेत किती, टॉनिकात किती, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय का, सगळं मिळवा. तिन्ही एकाच वेळी चालू असण्याचे प्रकार सर्रास दिसतात. शुद्ध सोडियम सेलेनाइट आणून घरी मोजायचा विचारही करू नका. गरज आणि विष यांत अंतर कमी आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त असल्यानं तिथल्या चाऱ्यावर जनावरांची शेपटीची केसं झडतात, खुरं वाढून तडकतात. आपल्या गोठ्यात अशी लक्षणं दिसली तर सगळी पूरकं त्याच दिवशी थांबवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

सगळ्यात जास्त उतारा पडतो तो व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत दिलेल्या व्हिटॅमिन ईला. व्यायच्या सुमारास गायीच्या रक्तातलं त्याचं प्रमाण आपोआप घसरतं आणि दगडीचा धोका नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. पैसे मोजकेच असतील तर दुभत्या दहा गायींवर पसरवू नका, एप्रिल-मेमध्ये वेणाऱ्या दोन-तीन भाकड गायींना द्या.

परिणाम बघायला घाई नको. दुधातलं व्हिटॅमिन ई वाढायला दोन-तीन आठवडे जातात, सेलेनियमला त्याहून जास्त. मध्येच धारेची वेळ, पेंड आणि भांडं तिन्ही बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. क्रम ठेवा: पहिले दोन आठवडे वेळ आणि हाताळणी, मग चार आठवडे व्हिटॅमिन ई. सुरुवातीला केलेली बाटल्यांची चाचणी आणि सडांची चाचणी त्याच गायींवर पुन्हा करा. वास गेला पण तेच सड अजून घट्ट होत असतील, तर त्या सडांचं दूध निर्जंतुक बाटलीत, बर्फावर, प्रतिजैविक सुरू करण्याआधी प्रयोगशाळेत पाठवा. तिथे जंतू कोणता ते कळतं आणि औषध त्याप्रमाणे ठरतं.